कुलपाची परीक्षा आणि परीक्षेची परीक्षा

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत, पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, जाफराबाद हें तालुक्याचें गांव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून हा तालुका त्या जिल्ह्यांत मोडतो. राज्यें बदललीं, दप्तराची भाषा उर्दूची मराठी झाली. परंतु एक गोष्ट कायम राहिली. जमीन कोणाची हें ज्या कागदावर लिहिलेलें असतें, त्या कागदाची राखण कोण करतो व कशी करतो, यावर शेतकऱ्याची झोंप अवलंबून असते. पूर्वीं तो कागद तलाठ्याच्या दप्तरांत बासनांत बांधलेला असे. खोलीस कुलूप असे, आणि किल्ली कोणाच्या कनवटीस आहे हें साऱ्या गांवास ठाऊक असे.

१ मे २०१८ रोजीं महाराष्ट्र शासनानें डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा इंटरनेटवर उपलब्ध करून दिला. जाफराबादच्या शेतकऱ्यास आतां घरबसल्या मोबाईलवर तो उतरवून घेतां येतो. पीककर्ज, पीकविमा, मुलांची शिष्यवृत्ति, वृद्धांचें निवृत्तिवेतन, बँकेंतील ठेव, या सर्वांची दारें हळूहळू त्याच लहानशा कांचेच्या तुकड्यांत येऊन बसलीं आहेत. प्रत्येक दारापाशीं एकच प्रश्न विचारला जातो: तूं कोण? उत्तर देण्यासाठीं माणसाचें तेथें एक खातें असावें लागतें. खात्यास नांव असतें, पासवर्ड असतो, किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी असतो. हीं खातीं उघडणें, ओळखणें, दुरुस्त करणें व बंद करणें हें काम जी आज्ञावली, म्हणजे जें सॉफ्टवेअर करतें, तेंच या नव्या दप्तराचें कुलूप होय.

हें कुलूप पक्कें आहे कीं नाहीं, हें कोण पाहतें? माणसें पाहतात, परंतु प्रत्येक वेळीं माणसास सर्व पाहणें शक्य नसतें. म्हणून त्या आज्ञावलीची परीक्षा घेणारी दुसरी आज्ञावली लिहिलेली असते. तिला स्वयंचलित चाचणी म्हणतात. आणि ती चाचणी तरी नीट आहे कीं नाहीं, हें कोण पाहतें? प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच शेवटचा प्रश्न आहे. तो वरवर पाहतां कारागिरांच्या घरचा वाटतो. परंतु ज्याच्या नांवावर एखादें खातें आहे अशा प्रत्येक कुटुंबाचा त्याशीं संबंध पोंचतो.

प्रथम खातें सांभाळण्याच्या कामांत काय काय येतें तें पाहूं. नवीन खातें उघडणें. योग्य माणसास आंत घेणें व अयोग्यास बाहेर ठेवणें. विसरलेला पासवर्ड बदलून देणें. मोबाईल क्रमांक बदलल्याची नोंद घेणें. कोणास काय करण्याचा अधिकार आहे हें ठरविणें. आणि शेवटीं खातें बंद करणें. अधिकाराचा मुद्दा महसुलाच्या रोजच्या उदाहरणानें चटकन् समजेल. जमिनीच्या फेरफाराची नोंद तलाठी घेतो, आणि ती प्रमाणित करण्याचें काम मंडळ अधिकाऱ्याचें असतें. जो नोंद घेतो त्यानेंच ती प्रमाणित करूं नये, या नियमांत शतकाचा अनुभव सांठलेला आहे. कागदावरचा हा नियम संगणकांत उतरला म्हणजे त्यास खात्याच्या अधिकाराचें रूप येतें, आणि तो खरोखरच पाळला जातो कीं नाहीं हें चाचणीनें पाहावें लागतें.

स्वयंचलित चाचणीची रचना अगदीं साधी असते. तिचे तीन भाग असतात: सिद्धता, कृति आणि पडताळा. "एक खातें तयार ठेव, त्याचा पासवर्ड अमुक ठेव" ही सिद्धता. "त्या पासवर्डनें आंत जाण्याचा प्रयत्न कर" ही कृति. "दार उघडलें असलें पाहिजे" हा पडताळा. अपेक्षेप्रमाणें झालें तर हिरवी खूण, न झालें तर तांबडी. केंट बेक व एरिक गॅमा या दोघांनीं १९९७ सालीं जावा भाषेसाठीं जेयुनिट नांवाचें साधन तयार केलें, तेव्हांपासून ही पद्धति जगभर पसरली. अशा शेंकडों चाचण्या थोड्या मिनिटांत चालवितां येतात. त्यांचा मुख्य उपयोग हा कीं, आज एका कोपऱ्यांत केलेल्या दुरुस्तीनें कालचें दुसऱ्या कोपऱ्यांतील चांगलें काम मोडलें तर तें ताबडतोब कळतें.

परंतु हिरव्या खुणांची लांबलचक रांग पाहून निर्धास्त होणें धोक्याचें आहे. १९ जून २०११ रोजीं अमेरिकेंतील ड्रॉपबॉक्स या कंपनीनें आपल्या आज्ञावलींत एक बदल केला. लोकांचीं कागदपत्रें व छायाचित्रें सांभाळून ठेवणें हा या कंपनीचा व्यवसाय. त्या दिवशीं तेथील वेळेप्रमाणें दुपारीं १ वाजून ५४ मिनिटांपासून असें झालें कीं, कोणत्याही खात्यास कोणताही पासवर्ड चालूं लागला. चूक ५ वाजून ४१ मिनिटांनीं लक्षांत आली आणि पुढच्या पांच मिनिटांत दुरुस्त झाली. जवळजवळ चार तास कुलपें नांवापुरतीं लटकत होतीं. खऱ्या मालकास यांत कांहींच वावगें दिसलें नसतें. त्याचा पासवर्ड नेहमींप्रमाणें चालतच होता.

येथेंच चाचणी तपासणाराचा पहिला प्रश्न जन्मास येतो. "योग्य किल्लीनें कुलूप उघडतें काय?" ही चाचणी लिहिण्याचें सर्वांसच सुचतें. "अयोग्य किल्लीनें तें उघडत नाहीं ना?" ही लिहिण्याचें राहून जातें. ज्या दारास कुलूपच नाहीं तें दारही पहिल्या चाचणींत उत्तीर्ण होईल! म्हणून प्रत्येक होकारी चाचणीशेजारीं तिची नकारी जोडीदारीण आहे कीं नाहीं, हें तपासणारानें पाहावें: चुकीचा पासवर्ड, कोरा पासवर्ड, दुसऱ्याचा पासवर्ड, कालचा बदललेला पासवर्ड. कोऱ्या पासवर्डची गोष्ट काल्पनिक नाहीं. नोव्हेंबर २०१७ मध्यें ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांच्या तेव्हांच्या नव्या प्रणालींत असें उघडकीस आलें कीं, सर्वाधिकारी वापरकर्त्याचें 'रूट' हें नांव लिहून पासवर्डची जागा रिकामी सोडली आणि पुन्हां प्रयत्न केला तर दार उघडे. पहिला प्रयत्न नाकारतां नाकारतांच यंत्र आंतून त्या खात्यास कोरा पासवर्ड देऊन टाकीत असे! कंपनीनें दुसऱ्याच दिवशीं दुरुस्ती पाठविली. यावरून बोध असा कीं, "नाकारलें" एवढें पाहून भागत नाहीं. नाकारल्यानंतर आंत कांहीं बदललें नाहीं ना, हेंही पाहावें लागतें.

दुसरा प्रश्न: ही चाचणी कधीं नापास होऊं शकते काय? एखाद्या शाळेंत इन्स्पेक्टर आले, प्रत्येक वर्गांत पाऊल टाकून आले, पण एकाही मुलास प्रश्न विचारला नाहीं, तर शाळेची तपासणी झाली असें कोणी म्हणेल काय? आज्ञावलीच्या किती ओळी चाचणीच्या वेळीं चालल्या याचें शेंकडा प्रमाण काढण्याची चाल आहे. तें प्रमाण नव्वदावर गेलें कीं मंडळी संतुष्ट होतात. परंतु तें प्रमाण पावलांचें आहे, प्रश्नांचें नव्हे. कित्येक चाचण्यांत पडताळ्याची ओळच नसते, आणि कित्येकांत ती असून नसल्यासारखी असते. "उत्तर आलें ना, मग झालें" एवढेंच त्या पाहतात. उत्तर कोणतें आलें हें पाहत नाहींत.

अशा झोंपलेल्या चाचण्या ओळखण्याचा उपाय सराफाच्या पेढीवर कळण्यासारखा आहे. नवा कारकून खोटें नाणें ओळखतो कीं नाहीं, हें पाहावयाचें असेल तर मालक मुद्दाम एक खोटें नाणें ढिगांत मिसळून देतो. संगणकशास्त्रांत हीच युक्ति रिचर्ड लिप्टन यांस विद्यार्थिदशेंत १९७१ सालीं सुचली, आणि १९७८ सालीं डीमिलो, लिप्टन व सेवर्ड या तिघांनीं ती सविस्तर मांडली. मूळ आज्ञावलींत हेतुपुरस्सर एक लहानशी चूक घालावयाची व सर्व चाचण्या चालवावयाच्या. एखादी तरी तांबडी झाली तर पहारा जागा आहे. सर्व हिरव्याच राहिल्या तर त्या जागीं पहारा नाहीं. उदाहरणार्थ, पांच वेळां पासवर्ड चुकला तर खातें कांहीं काळ बंद करावें असा नियम आहे. आज्ञावलींतील ५ हा आंकडा पुसून तेथें ६ घातला. कोणतीच चाचणी ओरडली नाहीं, तर असें समजावें कीं चाचणी लिहिणारानें शंभर चुका करून पाहिल्या असतील, पण चौथी, पांचवी व सहावी ही सीमा पाहिली नाहीं. चूक बहुधा सीमेवरच दबा धरून बसलेली असते.

तिसरा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे: चाचणींत नांवें व आंकडे कोणाचे घेतले आहेत? परक्या देशांतून आलेल्या नमुन्यांत एकच सुटसुटीत नांव असतें, तेंही रोमन लिपींत. आपल्याकडील नांवांचा संसार निराळा आहे. जाफराबाद हेंच नांव रोमन लिपींत 'फ' नंतर 'अ' घालूनही लिहितात व गाळूनही लिहितात. स्त्रीचें नांव सातबाऱ्यावर सासरचें, शाळेच्या दाखल्यावर माहेरचें. आणि देवनागरींत लिहावें म्हटलें तरी प्रश्न सुटत नाहीं. 'कुऱ्हाडे' हें आडनांव घ्यावें. त्यांतील ऱ्ह संगणकांत तीन प्रकारें सांठवितां येतो: 'ऱ' हें एक स्वतंत्र अक्षर घेऊन; 'र' व त्याखालीं नुक्ता अशीं दोन चिन्हें घेऊन; किंवा 'र', पायमोड व एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांस तिन्ही सारखींच दिसतात. युनिकोडचे नियम पहिल्या दोघांस एकच मानतात, तिसऱ्यास मानीत नाहींत. आज्ञावलीनें याची दखल घेतली नसेल, तर एका कळफलकावर खातें उघडलेल्या कुऱ्हाड्यांस दुसऱ्या कळफलकावरून "असें नांव आढळत नाहीं" हें उत्तर मिळेल.

याच्या उलट प्रकार २०१३ सालीं स्पॉटिफाय या संगीत ऐकविणाऱ्या कंपनींत घडला. तेथें नांवें साध्या रूपांत आणून सांठविण्याची एक चाळणी होती. कांहीं विचित्र अक्षरें तिच्यांतून एकदां चाळलीं असतां एक रूप निघे, आणि तेंच रूप पुन्हां चाळलें असतां दुसरें निघे. याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या नांवासारखें दिसणारें खातें उघडावें, पासवर्ड बदलण्याची मागणी करावी, आणि मूळ मालकाच्या खात्यांत शिरावें, असें करतां येत होतें. येथें हवी असलेली चाचणी एका वाक्यांत सांगतां येते: एकदां चाळलेलें पीठ पुन्हां चाळलें तर त्यांत फरक पडतां कामा नये.

आंकड्यांचीही तीच कथा. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं देशांतील पहिले आधार क्रमांक वांटले गेले. या क्रमांकांत १२ अंक असतात, आणि शेवटचा अंक पहिल्या अकरांवरून गणितानें काढलेला असतो. हें गणित याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर तें हमखास पकडतें. तेव्हां चाचणींत केवळ बारा अंकांचा कोणताही क्रमांक स्वीकारला जातो असें दिसलें, तर तपासणारानें थांबून विचारावें, "यांतील दोन अंक उलटे केले तर काय होतें?" परंतु एवढ्यानेंही काम संपत नाहीं. गणितानें क्रमांक बिनचूक ठरतो. तो त्याच माणसाचा आहे हें ठरत नाहीं. महाराष्ट्रांत २०१७ सालीं दीड लाख रुपयांपर्यंतच्या शेतकरी कर्जमाफीचे अर्ज इंटरनेटवरून भरून घेण्यांत आले. त्यानंतरच्या याद्यांत एकाच आधार क्रमांकापुढें अनेक शेतकऱ्यांचीं नांवें आढळल्याच्या तक्रारी आल्या. लाभ मिळण्यास विलंब लागला आणि शेतकऱ्यांस खेटे घालावे लागले. एक क्रमांक दोन खात्यांस लागूं नये, ही चाचणी म्हणूनच क्षुल्लक मानूं नये.

चौथा प्रश्न काळाचा. ओटीपी एकदां वापरला कीं दुसऱ्यांदा चालतां कामा नये. मुदत संपल्यावर चालतां कामा नये. पासवर्ड बदलल्यावर जुन्या मोबाईलवर उघडें राहिलेलें दार बंद झालें पाहिजे. या चाचण्यांसाठीं दहा दहा मिनिटें खोळंबून राहणें नको म्हणून चाचणींत खोटें घड्याळ देतात व त्याचे कांटे हवे तसे फिरवितात. खऱ्या घड्याळावर विसंबलेली चाचणी कधीं हिरवी, कधीं तांबडी होते. आणि "लांडगा आला रे आला" या गोष्टींतल्याप्रमाणें कांहीं दिवसांनीं तिच्या ओरडण्याकडे कोणीच लक्ष देत नाहीं. अशी चाचणी नसलेली बरी, कारण ती इतर चाचण्यांचाही विश्वास घालविते.

काळाचा आणखी एक प्रकार आपल्या देशांत विशेष आहे. मोबाईलमध्यें पैसे न भरल्यामुळें बंद पडलेला क्रमांक निदान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. समजा, एका वृद्ध शेतकऱ्याचा क्रमांक असाच बंद पडला आणि पुढें तो अनोळखी माणसाच्या हातीं गेला. आज्ञावलीची समजूत अशी कीं क्रमांक म्हणजेच माणूस. पुढचा ओटीपी कोणाकडे जाईल हें सांगावयास नको. "मोबाईल क्रमांक दुसऱ्याचा झाला" अशी चाचणी संग्रहांत आहे काय, हें पाहावें. तसेंच एका मोबाईलवर बाप, मुलगा व सून अशा तिघांचें काम चालतें, असें घरही चाचणींत असावें. नाहीं तर "एक मोबाईल, एक खातें" या नियमानें दोघांस दाराबाहेर उभें राहावें लागेल.

पांचवा प्रश्न अनेक भागांच्या संगमाचा. सप्टेंबर २०१८ मध्यें फेसबुकनें जाहीर केलें कीं, सुमारें ५ कोटी खात्यांच्या प्रवेश-खुणा चोरांच्या हातीं गेल्या असाव्यात. पुढें हा आंकडा ३ कोटींवर आला. कारण एक नव्हतें, तीन दोष एकत्र आले होते. आपलें खातें दुसऱ्यास कसें दिसतें हें पाहण्याची सोय, चलच्चित्र चढविण्याची सोय, आणि प्रवेश-खूण देणारा भाग, यांची गांठ पडली आणि दार उघडें राहिलें. प्रत्येक भागाच्या स्वतंत्र चाचण्या असणें अवश्य आहे, परंतु दोन नद्या जेथें मिळतात तेथेंही कोणी तरी उभें असलें पाहिजे.

आतां हें तपासणीचें काम करावें कसें? आय. बी. एम. कंपनींतील मायकेल फेगन यांनीं १९७६ सालीं आज्ञावलीच्या तपासणीची शिस्त लिहून काढली. तिचें सार व्यवहारास धरून आहे: लिहिणाराखेरीज इतरांनीं वाचावें; काय पाहावयाचें हें आधींच ठरवावें; आणि दोष कामाचा काढावा, माणसाचा नव्हे. खातें सांभाळणाऱ्या आज्ञावलीच्या बाबतींत तीन गोष्टी याला जोडाव्या. चाचणीचें नांवच इतकें स्पष्ट असावें कीं, ती तांबडी झाल्यावर कोणता नियम मोडला हें तें नांव वाचूनच कळावें. खऱ्या माणसांचे आधार क्रमांक, मोबाईल वा पासवर्ड चाचणींत नमुना म्हणून वापरूं नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख माणसाची माहिती तिच्या हेतूपलीकडे वापरली जाऊं नये असाच आहे. आणि पासवर्ड नोंदवहींत जसाच्या तसा सांठविला जात नाहीं, याचीही चाचणी असावी. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनीं १९७९ सालींच दाखवून दिलें होतें कीं, पासवर्डाऐवजीं त्यावरून काढलेली, उलटी न फिरणारी खूण ठेवावी, म्हणजे नोंदवही चोरीस गेली तरी किल्ल्या सहजासहजीं चोरीस जात नाहींत.

इतकें करूनही पूर्ण निर्धास्तपणा लाभत नाहीं. एड्स्गर डाइक्स्ट्रा या थोर संगणकशास्त्रज्ञानें १९६९ च्या सुमारास बजावून ठेविलें आहे कीं, चाचण्यांनीं चूक आहे हें सिद्ध होतें. चूक नाहीं हें सिद्ध होत नाहीं. मग हा सारा खटाटोप कशासाठीं? विद्यार्थ्यास परीक्षेंत पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून तो सर्वज्ञ ठरत नाहीं. परंतु प्रश्नपत्रिका चांगली असेल तर तो काय जाणतो व काय जाणत नाहीं हें प्रामाणिकपणें कळतें. प्रश्नपत्रिका वाईट असेल तर गुणांस अर्थच उरत नाहीं. चाचणी तपासणें म्हणजे प्रश्नपत्रिका तपासणें होय, आणि तें काम उत्तरपत्रिका तपासण्याहून कमी मोलाचें नाहीं.

खात्याच्या कुलपास दोन प्रकारें अपयश येतें. एक, परका आंत शिरतो. दुसरें, घरचा बाहेर राहतो. पहिल्याचा बोभाटा होतो, वर्तमानपत्रें भरतात. दुसऱ्याचा आवाज होत नाहीं. आडनांवांतील ऱ्ह जुळला नाहीं म्हणून किंवा मोबाईल बदलला म्हणून जी वृद्धा जाफराबादच्या एखाद्या सेवा केंद्रावरून "उद्यां या" हें उत्तर ऐकून परत फिरते, तिचें नांव कोठल्याही अहवालांत येत नाहीं. तिला चाचणी हा शब्दही ठाऊक नसतो. परंतु दूर पुण्यास वा बंगळुरास एखाद्या तरुण तपासणारानें चाचण्यांची यादी वाचतां वाचतां क्षणभर थांबून "या यादींत अशा बाईची चाचणी कोठें आहे?" असें विचारलें, तर तिचा उद्यांचा हेलपाटा वांचतो.